डाव्या दाराचा पगार

५ जानेवारी

यंदा पगारवाढीच्या जागी कंपनीने डायरी दिली. कापडी पुठ्ठा, आत रेशमी दोरा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी चेअरमनसाहेबांचा एकेक सुविचार. आजचा सुविचार: 'घाम हीच खरी संपत्ती.' या हिशोबाने आमच्या लाइनवरचे सगळे गर्भश्रीमंत आहेत. चेअरमनसाहेबांनी आपली संपत्ती दुसऱ्या कशात तरी गुंतवलेली असावी, कारण त्यांना घामाघूम झालेलं मी कधी पाहिलेलं नाही.

बायको म्हणाली, "मला द्या, वाण्याचं लिहून ठेवीन." मी दिली नाही. कंपनीने दिलेली वस्तू पुरती वापरून घ्यावी, पुन्हा कधी देईल याचा भरवसा नाही.

तर सुरुवात. मी गाड्यांना दारं बसवतो. उजव्या बाजूची. डाव्या बाजूची लंबू बसवतो. वीसेक वर्षं आमच्या दोघांच्या मधून गाड्या सरकत आल्या आहेत, त्यामुळे आमची सगळी दोस्ती गाडीच्या आरपार झालेली आहे. आमची कंपनी देशी. मोठ्या रस्त्यापलीकडे परदेशी कंपनीचा कारखाना आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी तिची कथा. तिच्या गाड्या खपतात आणि आमच्या अंगणात उभ्या राहून ऊन खातात.

आमच्या गेटाजवळ फक्त आपल्या कंपनीच्या गाड्या लावायच्या. पलीकडची गाडी घेऊन येणाऱ्याने ती मागे, डबक्यापाशी चिखलात लावायची, असा नियम आहे. नियम कंपनीचा नाही, आमच्या युनियनचा आहे, आणि ठराव मांडणारा मी. माझी स्वतःची गाडी आपल्याच कंपनीची आहे. तिची काच खाली जात नाही. पण देशाभिमानाला वारा लागतोच कशाला?

१८ जानेवारी

युनियनने पगाराच्या वाटाघाटींसाठी तिघांची समिती निवडली. एक अध्यक्ष. ते सगळ्याच समित्यांवर असतात, त्यांना निवडावं लागत नाही, फक्त काढता येत नाही. दुसरे मास्तर. हे रंगखात्यातले गृहस्थ; कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून मास्तर. तिसरा मी. मला सगळ्यांत जास्त मतं पडली.

लंबू म्हणाला, "तू साहेबांना तोंडावर टोमणे मारतोस. लोकांना तेवढीच करमणूक."

घरी सांगितलं तर बायकोने विचारलं, "मग आता घरात जरा कमी बोलाल का?" मुलीला मात्र आनंद झाला. आमची ही एकुलती एक. तांत्रिक शाळेतून नुकतीच बाहेर पडली, पहिल्या वर्गात. तिने विचारलं, "बाबा, नव्याने लागणाऱ्यांचा पगारही तुम्हीच ठरवणार का?"

"सगळंच आम्ही ठरवणार," मी म्हटलं. बापाच्या कामात एवढा रस घेणाऱ्या मुली आता राहिल्यात कुठे?

३ फेब्रुवारी

कंपनीने पलीकडची एक कोरी गाडी विकत घेतली, ती पार सुटी केली आणि कॅन्टीनच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडली. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी, किती वजनाचा, कितीला पडतो. एचआर साहेब म्हणाले, "शत्रू आतून कसा असतो ते नीट पाहून घ्या."

शत्रू आतून अगदी नीटनेटका निघाला. लंबू शत्रूच्या सीटवर बसला तो उठेचना. शेवटी सुपरवायझरने उठवला. मी अर्थातच दार हातात घेऊन पाहिलं. हलकं आहे. काच बोट लावलं की सरसर खाली. नुसता दिखाऊपणा.

मग साहेबांनी पडद्यावर तक्ता दाखवला. पलीकडे नव्या कामगाराला आपल्या पगाराच्या निम्मेच पैसे मिळतात. "आता सांगा, आपण टिकायचं कसं?" साहेबांचा आवाज भरून आला. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात कुठल्याशा देशाचं नाव आणि आणखी काहीबाही होतं, पण माझा चष्मा लॉकरमध्ये राहिला होता. मास्तर उठून वाचायला पुढे गेले, तेवढ्यात चहा आला आणि पडदा गुंडाळला. मास्तर चहा न घेता साहेबांच्या मागे मागे तो तक्ता मागत फिरत होते. काही माणसांना चारचौघांत वागायचं कळतच नाही.

१० फेब्रुवारी

घरात भूकंप. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, माझी निवड झाली. पलीकडे. जुळणीच्या लाइनवर."

"पलीकडे म्हणजे?"

"पलीकडे म्हणजे रस्ता ओलांडून."

मी तिला शांतपणे समजावलं. (बायकोच्या मते मी ओरडलो. शेजाऱ्यांचंही मत तेच पडलं.) म्हटलं, "ज्यांनी आपलं गिऱ्हाईक पळवलं त्यांच्या दारात माझ्या घरचं माणूस उभं राहणार नाही. आणि तिकडे निम्म्या पगारात राबवून घेतील तुला."

"निम्मा नाही, बाबा. तिकडे नव्यांनाही तुमच्याएवढाच देतात. मला आकडा सांगितलाय."

"खोटं आहे. मी स्वतः तक्ता पाहिलाय."

"कुणी दाखवला?"

"एचआर साहेबांनी."

"आणि मला त्यांच्या एचआर साहेबांनी सांगितलं. मग खरं कुणाचं मानायचं?"

"आपल्या साहेबाचं. आपला माणूस आपल्याशी खोटं कशाला बोलेल?"

यावर तिने ताट उचललं आणि आत गेली. वाटाघाटीत मी किती भारी पडणार याची ही रंगीत तालीमच झाली म्हणायची.

१३ फेब्रुवारी

मुलीने पलीकडे नकार कळवला. म्हणाली, "तुमचं मन मोडून नाही जायचं मला." पोरीत रक्त माझंच आहे. बायको दिवसभर भांडी आपटत होती.

२६ फेब्रुवारी

वाटाघाटी. कंपनीच्या बाजूला सात माणसं, सात पाण्याच्या बाटल्या. आमच्या बाजूला तीन माणसं, एक तांब्या.

मी सुरुवातीलाच म्हटलं, "साहेब, घाम हीच खरी संपत्ती असेल तर थोडी अदलाबदल करू. आमची संपत्ती तुम्ही घ्या, तुमची आम्हाला द्या." साहेब खळखळून हसले. माणूस रसिक आहे. हसून झाल्यावर त्यांनी प्रस्ताव मांडला: जुन्या कामगारांचा पगार शाबूत, वर थोडी वाढ. फक्त यापुढे जो लागेल त्याला निम्मा. आणि तो कायम निम्माच.

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी आढ्याकडे. एवढं सोप्पं जाईल असं वाटलं नव्हतं.

मास्तर मात्र सरसावले. "एकच काम आणि पगार दोन? दर वर्षी नवे वाढणार आणि जुने कमी होणार. उद्या आपल्या पगाराला हात लागला तर आपल्या बाजूने उभं कोण राहील? ज्याला आज आपण निम्म्यावर आणतोय, तो?"

मी म्हटलं, "मास्तर, जो अजून लागलेलाच नाही त्याच्यासाठी तुमच्या पोटात कशाला दुखतंय?"

सगळी खोली हसली. साहेब सगळ्यांत मोठ्याने. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमची मुलगी पण आता नोकरी शोधतेय ना?" मी म्हटलं, आता ती ड्रॉइंग काढणार, ऑफिसात बसणार, तिचा लाइनशी संबंध काय? असला खासगी मुद्दा भर बैठकीत काढायचा म्हणजे खालची पातळी झाली.

७ मार्च

सही झाली. तीनपैकी दोन सह्या पुरत होत्या, मास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून बसले. मी माझी सही चांगली झोकात केली. आपल्या एकाही माणसाची पै कमी होऊ दिली नाही. साहेब माझा हात हातात धरून म्हणाले, "तुमच्यासारखी समंजस माणसं आहेत म्हणून ही कंपनी आहे." कॅन्टीनमध्ये टाळ्या झाल्या. मला थोडं भरून आलं, खोटं कशाला लिहू.

एकच खडा लागला. लंबूने परवाच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. त्याने गाडीच्या आरपार विचारलं, "माझ्या जागेवर येणाऱ्याला काय मिळणार रे?"

"जो येईल तो बघून घेईल."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार," लंबू म्हणाला आणि पुढचं दार उचलायला वळला. निघालेल्या माणसाला बोलायला काय जातंय?

२१ एप्रिल

लंबू गेला. कंपनीने त्याला निरोपाला एक थर्मास दिला. एवढ्या वर्षांत त्याने जेवढी दारं बसवली, ती सगळी त्या थर्मासात मावली म्हणायची. त्याच्या जागेवर तात्पुरता एक माणूस आहे. त्याने बसवलेल्या दाराच्या फटीतून मांजर आत जाईल.

घरी मुलगी विचारत होती, दार बसवताना बिजागरीचा वरचा बोल्ट आधी आवळायचा की खालचा. मी तिला स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार काढून सविस्तर दाखवलं. वर आधी हलका, मग खाली, मग फट बघायची, मग दोन्ही घट्ट. तिने स्वतः तीनदा करून बघितलं. बायकोने विचारलं, "कपाट आता रात्रीपर्यंत असंच राहणार का?" मुलीने जाड तळाचे, पुढे लोखंड असलेले बूटही आणलेत. हल्ली काय काय फॅशनी निघतात.

५ मे

आज घरी आलो तर मुलगी दारातच उभी. "बाबा, मी लागले."

"कुठे?"

"तुमच्याकडे. लंबूकाकांच्या जागेवर."

लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला नुसता आनंद झाला. माझी पोर, माझ्या समोर, माझ्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला. माझे डोळे भरले आणि मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. मग ते उघडंच राहिलं.

ती म्हणाली, "फेब्रुवारीतच अर्ज केला होता. तुम्हाला एकदम सांगायचं होतं. म्हटलं, पलीकडे नको म्हणतात ना, मग इकडे. तुम्हाला जो पगार, तोच मला मिळणार, आणि वर बाबांबरोबर काम."

"मग?"

"मग आज सही करायच्या आधी करार वाचला. निम्मा. कायमचा. खाली समितीच्या सह्या आहेत. तुमची अगदी ठळक आलीय."

मी म्हटलं, "पलीकडे पुन्हा एकदा विचारून तर बघ."

"दुपारीच विचारलं. त्यांनी भरती बंद केलीय."

बायको आतून बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाजही आला नाही. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

६ मे

आजचा सुविचार वाचला नाही.

३० जून

ती चांगलं काम करते. बाप म्हणून नाही, शेजारचा कारागीर म्हणून लिहितोय. तिची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी असते. लंबूला जमायला दोन वर्षं लागली होती. माझ्याशी कामापुरतं बोलते. "वॉशर संपले." "पुढची निळी आहे." घरी तर तेवढंही नाही.

आज पगार झाला. आम्ही एकाच खिडकीपुढे एकामागे एक उभे होतो. तिने स्लिप बघितली, घडी घातली, खिशात ठेवली. माझ्या मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "काय समिती, घरात दोन दोन पगार आता, मजा आहे." दोन कसले, दीड. मी हसलो. माझ्या हसण्याचा मला स्वतःलाच एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता.

एकच गाडी. दोन दारं. बिजागऱ्या त्याच, बोल्ट तेच, आणि गिऱ्हाईक दोन्ही दारांचे सारखेच पैसे मोजतं. फक्त डावं दार कंपनीला निम्म्या मजुरीत पडतं, कारण एका अतिहुशार माणसाने झोकात सही केलेली आहे. मी गाढव आहे. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नको.

२ ऑगस्ट

आज मोठी बातमी. ज्या परदेशी कंपनीपासून देशाची गाडी वाचवायला आम्ही नव्यांचा निम्मा पगार कापला, तिनेच आमची निम्मीअधिक कंपनी विकत घेतली. आता आपण एक कुटुंब आहोत, असं चेअरमनसाहेबांनी माइकवरून सांगितलं. घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

नव्या मालकांनीही भाषण केलं. एका बाईंनी मराठीत सांगितलं की या कारखान्यात त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर 'नव्या कामगारांचं अत्यंत किफायतशीर वेतन'. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मास्तर शेजारीच होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. आपण म्हटलं तेच खरं झाल्यावर माणूस गप्प बसू शकतो, हे मला नवीनच कळलं. मी असतो तर लाउडस्पीकर लावला असता.

संध्याकाळी मागच्या डबक्यापाशी गेलो आणि 'पलीकडच्या गाड्या इथे' हा फलक स्वतःच्या हाताने उपटला. नव्या साहेबांची गाडी अर्थातच गेटाजवळ, माझ्या गाडीला खेटून उभी होती. काचा सगळ्या खाली.

२८ ऑगस्ट

पलीकडच्या युनियनचे दोघे भेटायला आले. आता आम्ही व्याही, त्यामुळे चहा-बिस्किटं झाली. मी धीर करून विचारलं, "तुमच्याकडे नव्यांना काय देता हो? म्हणजे देत होतात?"

त्यातल्या एका टक्कल पडलेल्या माणसाने सांगितलं, "जुन्यांएवढाच. पहिल्यापासून. आता मात्र आमचे साहेब रोज तुमचा करार फडकवतात. म्हणतात, रस्त्यापलीकडे नवे निम्म्यात काम करतात, मग तुम्ही का नाही? पुढच्या महिन्यात आमचाही तसाच करणार. मला एकदा बघायचं होतं, असल्या करारावर सही करणारे आहेत तरी कोण."

मी म्हटलं, "एक तर मी."

त्याने मला नीट बघितलं. मग बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या. आम्हीही तुमच्या नावाने दाखवलेला कुठलातरी तक्ता बघूनच दोन वर्षांपूर्वी ओव्हरटाइम सोडला होता."

एवढ्या जवळ राहून आम्ही दोघांनीही साधा रस्ता ओलांडला नाही. माझ्या घरात तर रस्ता ओलांडायची गरजही नव्हती. पोर ताटावर बसून खरा आकडा सांगत होती, आणि मी तिला तक्ता दाखवत होतो.

१९ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत नव्या कामगारांची तीन पोरं समितीच्या खोलीत आली. पुढे माझी मुलगी. तिने दारावर टकटक केलं आणि अध्यक्षांना नमस्कार केला. मलाही केला.

"आमची मागणी एकच आहे. समान काम, समान पगार. तुम्ही कंपनीपुढे मांडा."

अध्यक्षांनी खाकरून माझ्याकडे बघितलं. मास्तर मार्चमध्येच समिती सोडून गेले होते, त्यामुळे बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मी ठरलेलं वाक्य सुरू केलं, "हे बघा, करार झालेला आहे. आणि स्पर्धेचाही विचार करावा लागतो. पलीकडे..." इथे मी अडकलो. पलीकडे आता आम्हीच होतो.

ती वाट बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "वाक्य पुरं झालं की कळवा," आणि तिघंही गेली.

अध्यक्ष म्हणाले, "मुलगी फार फाजील आहे तुमची."

मी म्हटलं, "हो. आईच्या वळणावर गेलीय, त्यामुळे वाचल्याशिवाय कुठेही सही करत नाही." अध्यक्षांना विनोद कळला नाही. मलाही तो विनोद म्हणून करायचा नव्हता.

५ ऑक्टोबर

कंपनीने नोटीस लावली. नवे कामगार काम थांबवण्याच्या तयारीत असल्याचं समजतं. जुन्या कामगारांनी त्यात भाग घेतल्यास त्यांना यापुढे नव्या कामगारांची श्रेणी लागू होईल. म्हणजे निम्मा. नोटिशीपुढे गर्दी होती. लोक दोनदोनदा वाचत होते. ज्याच्यासाठी मार्चमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या त्या माणसाकडे कुणी बघत नव्हतं.

बायकोला सांगितलं. तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार? घराचे हप्ते आहेत. डोकं ताळ्यावर ठेवून काम करणार."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मी वीसेक वर्षं ऐकतोय. त्यातली निम्मी तरी 'बरं' नसतात.

९ ऑक्टोबर

सकाळच्या शिफ्टला सगळं नेहमीसारखं होतं. चहाच्या सुट्टीनंतर भोंगा वाजला, लाइन सुरू झाली, आणि मुलगी जागेवर आली नाही. ती लाइनच्या कडेला खाली जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्या मागे सीटवाले, काचवाले, वायरिंगवाले, सगळे नवे. कोणी घोषणा देत नव्हतं. एवढ्या लोकांचं ते गप्प बसणं ऐकून सुपरवायझर घाबरला.

गाडी माझ्यासमोर आली. डाव्या बाजूने सताड उघडी. मी माझं दार बसवलं. दुसरी आली. तिलाही बसवलं. एका बाजूला दार असलेल्या गाड्या पुढे पुढे सरकायला लागल्या. अशी गाडी विकायची म्हणजे ज्याच्या गावी पाऊस फक्त उजवीकडूनच येतो असं गिऱ्हाईक शोधायला हवं.

सुपरवायझर धावत आला. "तुम्ही समितीचे आहात आणि ती तुमची मुलगी. समजवा तिला. लाइन बंद पडली तर वरून माझी कातडी सोलतील."

मी बोल्ट आवळायची गन खाली ठेवली आणि पलीकडे गेलो. लाइनच्या त्या बाजूला मी कामाच्या वेळी कधीच गेलेलो नव्हतो. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी घसा साफ केला.

ती खालून म्हणाली, "बाबा, उभं राहून बोलू नका. मान दुखते वर बघून."

म्हणून मी खाली बसलो. तिच्याशेजारी, मांडी घालून. फरशी थंडगार होती. समजवायचं काय ते मी मनात जुळवत होतो, आणि जुळवता जुळवता लक्षात आलं की माझ्याकडे सांगण्यासारखं एकही खरं वाक्य नाही. उजवीकडे माझं दार हँगरला लटकत राहिलं. गाडी तशीच पुढे गेली, दोन्ही बाजूंनी उघडी. मग आणखी एक. मग लाइन थांबली.

ती हळू आवाजात म्हणाली, "नोटीस वाचलीत ना?"

"यावेळी पूर्ण वाचली."

"मग उठा. तुम्हाला महागात पडेल."

"माहीत आहे."

"आईला सांगितलंत?"

"ती 'बरं' म्हणाली."

मुलगी हसली नाही. पण तिने मागच्यांना हाताने खूण केली, आणि ते जरा सरकले. माझ्या पाठीला खांबाचा टेकू मिळाला. थोड्या वेळाने मास्तर रंगखात्यातून आले, आमच्याकडे बघितलं, खिशातून रुमाल काढून फरशी झटकली आणि बसले. बाकीचे जुने उभे राहिले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्याच टाळ्या मी एकदा घेतल्या होत्या.

एचआर साहेब आले. ते माझ्यासमोर वाकले, आवाज अगदी मऊ. "तुम्ही समंजस माणूस. तुम्ही इथे कोण म्हणून बसलाय? समितीचे म्हणून, की तिचे वडील म्हणून?"

मला वाटलं होतं, अशा वेळी माझ्याकडे टोमण्यांना तोटा नसणार. एकही सुचला नाही. मी म्हटलं, "साहेब, दार मीही बसवतो आणि तीही बसवते. माझी चूक झाली." आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर, भर शिफ्टमध्ये. साहेब सरळ उभे राहिले आणि निघून गेले.

१६ ऑक्टोबर

कंपनीने नव्यांशी बोलणी करायचं कबूल केलंय, पुढच्या महिन्यात. कबूल करणं आणि करणं यात किती अंतर असतं हे मला आता पक्कं माहीत आहे. मधल्या काळात त्यांनी ज्याची घाई होती ते उरकलं. मास्तरांना आणि मला पत्र आलं. येत्या पहिल्या तारखेपासून मी नवा कामगार. समितीचं पदही गेलं, कारण नव्यांना समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. तसं आम्हीच करारात लिहून दिलंय.

म्हणजे समान काम, समान पगार ही मागणी कंपनीने एका गाडीपुरती मान्य केली. आता डावं दार आणि उजवं दार सारख्याच पैशांत बसणार. मागणी वरून मान्य व्हायची होती, ती खालून झाली एवढंच.

बायकोने पत्र वाचलं. म्हणाली, "लग्नातसुद्धा तुम्ही एवढे नवे नव्हतात." मग माझ्या ताटात वाढलं आणि ती माझ्याशेजारीच बसली, जे ती सहसा करत नाही. हप्त्यांचं बोललो. ती शिवणाचं काम वाढवणार आहे. मी गाडी विकणार आहे, काच खाली न जाणारी गाडी कोणी घेतलीच तर.

मुलगी उशिरा जेवायला आली. माझ्याकडचं पत्र उचलून तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल, किंवा मी म्हणावं अशी वाट बघेल. दोन्हीची मला भीती वाटत होती.

ती म्हणाली, "उद्या जेवणाच्या सुट्टीत नव्यांची सभा आहे. तुम्ही यायचंय."

"मी?"

"नवे आहात ना तुम्ही? सगळ्यांत मागे बसायचं. नव्यात सगळ्यांत नवे मागे बसतात. आणि पहिले काही दिवस बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं."

मी बरं म्हटलं.